सुताच्या खाली

"मामा, तू नेमकं करतोस काय रे?"

रविवार होता. भाची पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसली होती. सीईटीचा निकाल लागला होता आणि प्रवेशफेरीसाठी कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं भरायच्या होत्या. पहिल्या सात ओळी दाजींनी फोनवरून सांगून टाकल्या होत्या. कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, एआय, आयटी, परत कॉम्प्युटर. आठव्या ओळीला ती अडली आणि माझ्याकडे वळली.

"मेकॅनिकल इंजिनिअर आहे मी."

"ते आज्जीपण सांगते गल्लीभर. पण करतोस काय? सकाळी गेलास की संध्याकाळपर्यंत?"

नोकरीला बावीस वर्षं झाली. तरी मला एका दमात सांगता येईना. आमच्या गल्लीत मेकॅनिकल इंजिनिअर म्हणजे मिक्सर दुरुस्त करणारा शिकलेला माणूस. एप्रिल लागला की शेजारच्या काकू कूलरचा पंप घेऊन येतात, मी तो खोलतो, जाळीत अडकलेला कचरा काढून परत देतो, आणि "शिकल्याचा उपयोग झाला बघ" असं सर्टिफिकेट मिळतं. माझं खरं काम याहून कंटाळवाणं दिसतं. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मोजणीच्या खोलीत बसतो. मशीनवरून भाग येतात, ते मोजायचे, चुकले असतील तर का चुकले ते शोधायचं. हे सांगितलं असतं तर तिनं आठव्या ओळीतही कॉम्प्युटर टाकलं असतं.

म्हणून म्हणालो, "चल, चप्पल घाल. अण्णांचा माग दाखवतो."

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. माग त्यांचा नव्हताच, कारखानदाराचा होता. अण्णा जॉबर होते. माग बंद पडला, आडवा धागा नेणारा धोटा उडाला, कापडात वाकडी रेघ यायला लागली की विणकर हात वर करायचा आणि अण्णा पाना घेऊन त्याच्याकडे जायचे. पूर्व भागातल्या त्या शेडमध्ये एके काळी चोवीस माग होते. आता आठ चालतात. बाकीचे किलोच्या भावानं गेले. कारखानदारांचा मुलगा आता बसतो, त्यानं आम्हाला ओळखलं आणि "या की" म्हणून आत घेतलं.

आत गेल्यावर बोलणं संपतं. आठच माग, पण खडखडाट असा की छातीच्या फासळ्यांत जाणवतो. भाचीनं कानांवर हात ठेवले. मी तिला टॉवेलच्या मागापाशी नेलं आणि बोटानं दाखवत राहिलो. बोललो ते नंतर, बाहेर चहाच्या टपरीवर. पण इथंच लिहितो.

टॉवेलच्या मागाला उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचे धागे ताठ ताणलेले, टॉवेलची पाठ त्यांची. दुसऱ्याचे मुद्दाम सैल सोडलेले. धोटा इकडून तिकडे जातो, आडवा धागा पडतो, फणी तो कापडाकडे ढकलते. पण पहिले दोन धागे फणी शेवटपर्यंत नेत नाही, थोडं अलीकडेच सोडते. तिसरा धागा पडला की मात्र पूर्ण ठोका. मग तिन्ही धागे मिळून ताठ धाग्यांवरून घसरत पुढे जातात आणि सैल धाग्यांना बरोबर ओढतात. त्या सैल धाग्यांना जायला जागा उरत नाही, ते वर उचलले जातात. टॉवेलवर जे मऊ लूप असतात ते हेच. फणी किती अलीकडे थांबली त्यावर लूपची उंची ठरते. म्हणजे आंघोळीनंतर आपण ज्या मऊपणानं अंग पुसतो तो दोन मोजलेल्या ढिलाईतून तयार होतो, एक धाग्याची आणि एक फणीची.

ही ढिलाई अण्णा लावायचे. मी आठवीत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो, पाने हातात द्यायला. ते बोल्ट आवळायचे आणि म्हणायचे, "जरासं ढिलं ठेवायचं बघ." मी विचारायचो, जरासं म्हणजे किती? ते माझा हात धरून त्या दांड्यावर ठेवायचे आणि हलवून दाखवायचे. "एवढं." तो "एवढं" माझ्या हाताला कधीच लागला नाही.

त्यांना मोजता येत नव्हतं असं मात्र नाही. ते सुतात मोजायचे. बाहेरच्यांना गंमत वाटेल, पण या गावात सूत दोन आहेत. एक मागावरचं, आणि दुसरं वर्कशॉपमधलं, इंचाचा आठवा भाग. दोन सुताचा बोल्ट, पाच सुताचा पाना. मिलिमीटरमध्ये एक सूत म्हणजे ३.१७५. सुतापर्यंत अण्णांचं माप चोख. अर्धं सूतही नजरेनं सांगायचे. त्याच्या खाली गेलं की "जरासं" सुरू व्हायचं, आणि मग तिथं माप नव्हतं, फक्त अण्णा होते. ते आजारी पडले की त्या आठवड्यात सहा माग उभे राहायचे.

मी इंजिनिअर झालो ते बहुधा या "जरासं"ला वैतागून. आणि पहिला फटकाही मला त्यानंच बसला.

नोकरीचं पहिलं वर्ष. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता तो चालूही नाही. एका पंपासाठी पितळी बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, बनवायचे होते. तो दांडा, म्हणजे शाफ्ट, २५ मिलिमीटरचा, बुशच्या आत फिरणारा. मी ड्रॉइंग काढलं, भोकाचं माप लिहिलं २५, आणि खूश झालो. मशीनवरचा टर्नर आयटीआय झालेला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. ड्रॉइंग बघून त्यानं विचारलं, "साहेब, टाईट का लूज?"

मी म्हणालो, "जरासं लूज."

हे शब्द माझ्या तोंडून गेले. त्यानं काही विचारलं नाही. दिवसपाळीला त्यानं केले, रात्रपाळीला दुसऱ्यानं. साठ बुश. त्याचं जरासं वेगळं, रात्रपाळीवाल्याचं वेगळं. अर्धे शाफ्टवर जाईनात, उरलेल्यांतले बरेचसे खडखड वाजायला लागले. सकाळी मॅनेजर काही बोलले नाहीत, सगळे बुश एका घमेल्यात भरून माझ्या टेबलावर ठेवले. ते घमेलं आठवडाभर तिथंच होतं. नंतर भंगारवाल्यानं ते माझ्यासमोर तोललं.

त्या घमेल्याच्या आठवड्यात मी लिमिट आणि फिटचा तक्ता पहिल्यांदा खरा वाचला. कॉलेजात परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यात "जरासं लूज"ला नाव होतं, एच-७ जी-६. २५ मिलिमीटरच्या भोकासाठी एच-७ म्हणजे भोक २५.००० च्या खाली नाही आणि २५.०२१ च्या वर नाही. जी-६ म्हणजे शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या मध्ये. दोघं या हद्दीत राहिले की त्यांच्यातली फट कमीत कमी ०.००७ मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ०.०४१. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे जास्तीत जास्त फटही केसाहून बारीक. पण तेवढ्यात तेल मावतं आणि शाफ्ट तेलावर फिरतो. अण्णांच्या हाताला हे कळत होतं. तक्त्याचं मोठेपण एवढंच की तो सोलापुरात वाचला काय आणि कोइंबतूरला वाचला काय, ज्यानं अण्णांना कधी पाहिलंही नाही त्याच्याकडूनही तोच "एवढं" निघतो.

टपरीवर हे सांगत होतो तेव्हा भाचीनं विचारलं, "म्हणजे तू अण्णाआजोबांचं बोट कागदावर लिहितोस?" पोरगी बरी बोलते. मी म्हणालो, बऱ्यापैकी तसंच. कुणी किती जाडीचा दांडा तुटणार नाही हे लिहितं, कुणी किती उष्णता किती पाण्यानं वाहून जाईल हे लिहितं, कुणी ते लिहिलेलं मशीनकडून करून घेतं, आणि माझ्यासारखे काही ते झालं का बघतात. डिझाईन, थर्मल, प्रॉडक्शन, क्वालिटी अशी त्यांची नावं. मेंटेनन्सवाले राहिले. ते रात्री दोनला फोन उचलतात आणि त्यांच्याकडे अजूनही "जरासं" बरंच शिल्लक आहे. माझं खासगी मत, कारखान्यातले खरे हुशार लोक तिथं असतात आणि पगार मात्र त्यांचा सगळ्यांत उशिरा वाढतो.

माझी मोजणीची खोली वीस अंशांवर ठेवलेली असते, बारा महिने. जगभर मापं वीस अंशांवरचीच धरतात. बाहेर मे महिना, एमआयडीसीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत मी स्वेटर घालून बसलेलो. आईला वाटतं कंपनी आमचे लाड करते. कारण साधं आहे. पोलाद तापलं की वाढतं, एक मीटरला एका अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे ०.०१२ मिलिमीटर. ३०० मिलिमीटरचा शाफ्ट चाळीस अंशांच्या शेडमधून तसाच आणून मोजला तर तो केसभर लांब भरतो. म्हणून भाग आणायचा, ठेवायचा, निवू द्यायचा. नवीन ट्रेनीला ही वाट बघणं जमत नाही. तो लगेच मोजतो, भाग नापास करतो, मशीनवाल्याशी भांडतो. तासाभरानं तोच भाग पास होतो.

चहा संपल्यावर परत आत गेलो, कारण मला तिला आणखी एक गोष्ट दाखवायची होती. माग बंद करायला लावला आणि खाली वाकलो. मोटार पट्ट्यानं वरचा क्रँकशाफ्ट फिरवते. त्याच्या एका फेऱ्यात फणीचा एक ठोका. खाली दुसरा शाफ्ट असतो, त्यावरचं चाक दुप्पट दातांचं, म्हणून वरचा दोनदा फिरला की खालचा एकदा. त्याच्यावर फुगीर पाकळीसारखे टॅपेट बसवलेले, ते धोटा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फेकायला लावतात. तिनं हातानं चाक फिरवून दात मोजले. मी तिला मोजू दिलं.

"आता तुझ्या बाबांची गाडी घे," मी म्हणालो. पेट्रोलच्या चार स्ट्रोक इंजिनातही क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. त्याच्यावरही अशाच पाकळ्या, फक्त त्या धोटा न फेकता व्हॉल्व्ह उघडतात. माग आणि मोटार, दोघांचा हिशेब एकच, दोनास एक. आणि सोलापूरनं हे दोन्ही केलं. जुन्या मिलचा भोंगा १८७७ पासून या गावाला उठवत होता. मिल गेल्या, यंत्रमाग आले. १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू झाली आणि चादरीच्या गावातून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट जायला लागले. ओतकामात एक युक्ती असते ती मला फार आवडते. वाळूच्या साच्यात पाकळीच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवतात. रस ओतला की त्या तुकड्यांपाशी तो झटकन थिजतो आणि तेवढाच भाग काचेसारखा कठीण होतो, बाकीचा दांडा मात्र मशीनवर कापता येईल इतपत राहतो. एकाच ओतात दोन स्वभाव.

"इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट कुठं असतो?" तिनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नसतो. व्हॉल्व्हच नाहीत तर उघडायचं काय. मी तिला खोटं सांगितलं नाही. मेकॅनिकलला मरण नाही, एव्हरग्रीन ब्रँच आहे, असं सांगणारे सर कॉलेजात पुष्कळ भेटतील. या गावात असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. मिललाही मरण नव्हतं. ज्या शेडमध्ये आम्ही उभे होतो तिथं सोळा मागांच्या पायाचे बोल्ट अजून फरशीतून वर आलेले आहेत, चालताना अडखळायला होतं. इलेक्ट्रिक गाडीतही बेअरिंग आहे, गिअर आहे, आणि बॅटरी तापते. सोलापूरच्या उन्हात ती थंड कशी ठेवायची हा धडधडीत मेकॅनिकलचा प्रश्न आहे. फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, तिथल्या बॉयलरमध्ये पाणी उकळतच नाही. ३७४ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पटींच्या पुढं गेलं की पाणी आणि वाफ यांतला फरकच मिटतो. असल्या पाण्याला धरून ठेवणारे पाइप कुणीतरी हिशेब करून निवडलेले असतात. काम संपत नाही. पण तेच काम, त्याच गावात, त्याच पगारावर राहील असं कुणी लिहून देत नाही.

आणि पगाराचंही सांगितलं. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त आज सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ते पुण्याला गेले ते गेलेच. पहिली पाच वर्षं त्यांचा आणि माझा पगार शेजारी ठेवायची सोय नव्हती. लग्नाच्या बैठकीत "मेकॅनिकल? म्हणजे प्लांटवर?" असा प्रश्न आला की समोरच्याचा चहा लवकर संपायचा. मुलींना तर शिफ्टपासून शॉपफ्लोअरवरच्या स्वच्छतागृहापर्यंत सगळ्याचा विचार करावा लागतो. आमच्याकडे आता मशीनवर मुली आहेत, चांगलं काम करतात, पण त्यांच्यासाठी स्वच्छतागृह बांधायला लागलेला वेळ एखाद्या मशीनच्या आयातीपेक्षा जास्त होता.

दाजींचं म्हणणं, सोलापुरात काय ठेवलंय. यावर माझ्याकडे एकच उत्तर असतं, वालचंद हिराचंद. १८८२ मध्ये याच गावात जन्मले. बंगळुरात विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजांचा, मुंबईत मोटारींचा. दाजी म्हणतात, बघ, सगळं बाहेर जाऊनच केलं ना. शिवाय ते कंत्राटदार होते, इंजिनिअर नव्हते. दोन्ही खरं आहे, त्यामुळे हा वाद मी नेहमी हरतो.

परत येताना भाची म्हणाली, "मला लहानपणी काही खोलून बघायची आवड नव्हती. सगळे इंजिनिअर सांगतात ना, रेडिओ खोलला, घड्याळ खोललं. मी काहीच नाही खोललं." हे बोलताना तिला खरंच वाईट वाटत होतं. त्या रेडिओवाल्यांवर माझा कधीच भरवसा नव्हता. खोलायला काय, माकडही खोलतं. कुठला वॉशर कुठून निघाला हे कागदावर लिहून ठेवणारा पोरगा मला अजून भेटायचाय. आज तिनं चाकाचे दात मोजले आणि मधेच चुकली तेव्हा कुणी न सांगता पहिल्यापासून पुन्हा मोजले. हे मी बघितलं होतं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते फॉर्मवर गेलं असतं.

घरी आलो तर आई कपाट आवरत बसली होती. मी माझ्या पिशवीतला व्हर्नियर काढून भाचीला दिला, घरातलं काय वाटेल ते मोज म्हणून. तिनं बांगडी मोजली, लाटणं मोजलं, चमच्याची जाडी मोजली. मग आईच्या मांडीवरच्या डब्यातून एक पत्र्याचा चौकोनी तुकडा काढला.

"हे काय गं आज्जी?"

"फर्मा तो. बिडीचा."

अण्णांचं कौतुक करता करता मी ही एक गोष्ट कायम विसरतो. आईनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. सूप मांडीवर, सुपात तंबाखू, आणि हा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायचं. प्रत्येक पान त्याच मापाचं. दिवसाच्या हजार बिड्या कारखान्यात न्यायच्या. तिथं तपासणारा मूठभर उचलून बघायचा आणि नापास झालेल्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत. मी आज जे रिजेक्शन म्हणतो तो शब्द आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून होता, आणि गेजही होता, तोही पत्र्याचा. "जरासं" आईच्या कामात चालतच नव्हतं. मी मोजणीच्या खोलीत जे करतो ते अण्णांपेक्षा आईच्या धंद्याच्या जास्त जवळचं आहे, हे त्या दिवशी व्हर्नियर तिच्या फर्म्याला लागलेला बघून मला पहिल्यांदा जाणवलं. जरा लाज वाटली.

"मामा, हा सरळ नाहीये," भाची म्हणाली. "या टोकाला एक माप येतंय, त्या टोकाला कमी. जवळजवळ पाऊण मिलिमीटरचा फरक."

"कात्री घासून घासून झिजला असेल जरासा," आई म्हणाली.

"मग शेवटी शेवटी तुझ्या बिड्या बारीक होत असतील की."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "त्या तपासणाऱ्याला नाही सापडलं कधी. तुला बरं सापडलं गं."

भाचीनं लॅपटॉपशेजारचा कागद ओढला, त्यावर फर्म्याचा चौकोन काढला आणि चारही कडांची मापं लिहायला घेतली. तिसऱ्या कडेला थांबली, व्हर्नियर पुसला आणि पुन्हा लावला.